खानापूरच्या घरात जमिनीवर सापडलेली पट्ट्यापट्ट्यांची पाल: विषारी आहे का, सांभाळायची कशी?

विषारी नाही. भारतात एकही पाल विषारी नाही, त्यामुळे केरसुणी खाली ठेवा.

तुम्ही लिहिलंय की ती तपकिरी आहे, अंगावर फिकट आडवे पट्टे आहेत आणि भिंतीवर चढतच नाही. मग ही बहुधा जमिनीवर राहणारी रानपाल. आधी बोटं बघा. घरपालीच्या बोटांखाली रुंद चिकट पट्ट्या असतात, हिची बोटं बारीक आणि नखांची. खानापूरकडच्या रानात पालापाचोळ्यात, जांभ्या दगडाखाली अशा पाली असतात. पावसात वाट चुकून घरात येतात.

शेपटी धरू नका, तुटते. नवी फुटते खरी, पण साठवलेली चरबी गेल्यानं जीव अशक्त होतो. वरून डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा. दूध, भात काही घालू नका, ती फक्त जिवंत किडे खाते. घरात ठेवूच नका. अंधार पडल्यावर परड्यात दगडांच्या आडोशाला सोडा आणि हात साबणानं धुवा, पालीच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. मांजर असेल तर तेवढी रात्र तिला आत ठेवा.