परत द्यायच्या टॅबमधले फोटो: आधी खातं काढा, मग फोटो

तुमची अडचण अशी दिसते: मावसबहिणीचा सॅमसंगचा टॅब चार महिने वापरलात, तो रविवारी परत द्यायचाय. त्यात तिचंही गूगल खातं आहे आणि तुमचंही. गूगल फोटोज उघडून काही फोटो उडवले, तर ते तुमच्या मोबाईलवरूनही गायब झाले.

आधी ते परत आणा. मोबाईलवर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये जा, फोटो निवडा आणि रिस्टोअर करा. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त ट्रॅश रिकामा करू नका.

टॅबवर काढलेले ते फोटो मोबाईलवर दिसत होते ते क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या गूगल खात्यातल्या साठ्यातून. गूगल फोटोजमध्ये डिलीट केलं की टॅबमधली फाइल आणि क्लाउडमधली प्रत दोन्ही जातात. बॅकअप बंद करूनही हे टळत नाही, कारण प्रत आधीच वर गेलेली असते. म्हणून टॅब मोकळा करताना गूगल फोटोजला हात लावायचा नाही. आधी तुमचं खातं टॅबवरून काढायचं, मग ‘माय फाइल्स’ या सॅमसंगच्या फाइल्स दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून फाइल्स पुसायच्या.

खातं काढण्याआधी तुमच्या प्रती शाबूत आहेत ना, ते पाहा. गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतं. स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅप, डाउनलोड हे फोल्डर तुम्ही मुद्दाम चालू केले असतील तरच. शिवाय खात्यातली मोफत 15 जीबी जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि त्या जागेत जीमेल व ड्राइव्हही मोजलं जातं. सगळ्यात भरवशाचा मार्ग केबलचा: टॅब कॉम्प्युटरला जोडा, ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, तुमचे फोटो कॉपी करा आणि दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या जुळवा. मोठे व्हिडिओ मधूनच उघडून, थोडे पुढे सरकवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल नावावरून ओळखू येत नाही. गूगल फोटोजच्या ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये काही ठेवलं असेल तर ते आधी बाहेर काढा. तिथल्या गोष्टींचा बॅकअप चालू नसेल आणि अ‍ॅपचा डेटा पुसला गेला, तर त्या कायमच्या जातात.

टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं असेल तर वाय-फाय चालू असतानाच मोबाईलवरच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून त्याला लॉगआउट करा. मग टॅबचं वाय-फाय बंद करा, सिम असेल तर फ्लाइट मोड लावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुमचं खातं निघाल्यावर गूगल फोटोजमध्ये बहिणीचं खातं पुढे येऊ शकतं, आणि तिचा बॅकअप चालू असेल तर तुमचेच फोटो तिच्या क्लाउडमध्ये चढायला लागतील.

आता सेटिंग्ज, अकाउंट्स अँड बॅकअप, मॅनेज अकाउंट्स, तुमचा ईमेल, रिमूव्ह अकाउंट. टॅबच्या मेमरीतले फोटो याने पुसले जात नाहीत. ते ‘माय फाइल्स’ उघडून एकेका फोल्डरमधून काढायचे. ‘डीसीआयएम’ या फोटोंच्या मुख्य फोल्डरमध्ये कॅमेरा आणि स्क्रीनशॉट्स पाहा, मग पिक्चर्स, मूव्हीज आणि डाउनलोड. सरसकट ‘सिलेक्ट ऑल’ करू नका, तिचेही फोटो त्याच कॅमेरा फोल्डरमध्ये असणार. तारखेनुसार लावून टॅब तुमच्याकडे आला त्या दिवसापासूनचेच निवडा. डाउनलोड नीट तपासा. आधार, पॅन, मार्कशीट यांच्या पीडीएफ तिथेच पडून असतात आणि गॅलरीत दिसत नाहीत. फोटोंपेक्षा त्या मागे राहणं जास्त धोक्याचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या जागी असतात: अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, मीडिया. तिथल्या ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस’च्या आत ‘सेंट’ नावाचा फोल्डर असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंच्या प्रती त्यात साठतात. अ‍ॅप काढून टाकलं तरी हा सगळा फोल्डर मागे राहू शकतो, म्हणून हाताने पुसा.

मग कचरापेट्या. सॅमसंगच्या गॅलरीची एक आणि ‘माय फाइल्स’ची वेगळी; उडवलेली फाइल त्यांत 30 दिवस पडून असते. दोन्ही उघडा, पण ‘एम्प्टी’ दाबण्याआधी त्यात तिचं काही नाही ना, ते बघा. ‘माय फाइल्स’च्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू केलात तर ‘डॉट ट्रॅश्ड’ने सुरू होणारी नावं आणि ‘डॉट थंबनेल्स’ नावाचे फोल्डर दिसतील. पहिल्या तुम्ही उडवलेल्याच फाइल्स, दुसऱ्यांत लहान आकाराच्या प्रती. थंबनेल्स बिनधास्त पुसा, उरलेल्या फोटोंच्या त्या पुन्हा तयार होतात.

मेमरी कार्ड तुमचं असेल तर काढून घ्या, विषय संपला. तिचं असेल तर थोडं जास्त काम आहे. कार्डवरची फाइल डिलीट केल्यावर फक्त तिची नोंद जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती परत निघू शकते. तुमचे फोटो पुसल्यावर कार्ड निरुपयोगी मोठ्या व्हिडिओंनी काठोकाठ भरा आणि ते व्हिडिओ पुसा. टॅबच्या आतल्या मेमरीसाठी हा खटाटोप लागत नाही, अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये ती एन्क्रिप्टेड असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात.

फॅक्टरी रीसेट हा सोपा मार्ग वाटतो, पण तुमच्या बाबतीत नको. तिच्याही सगळ्या गोष्टी जातील. कार्डवरचं मात्र रीसेटने पुसलं जात नाही.

एक गोष्ट तिच्याशिवाय होणार नाही. या चार महिन्यांत तिचा बॅकअप चालू असेल तर तुमचे काही फोटो तिच्या खात्यात आधीच गेलेले असू शकतात. टॅब देताना तिला स्पष्ट सांगा, तिच्याच हाताने गूगल फोटोजमध्ये त्या तारखांचे फोटो उघडायला लावा आणि तुमचे फोटो तिथून व तिच्या ट्रॅशमधून पुसून घ्या. हे विचारण्यात संकोच करू नका, न विचारता तिचं खातं चाळणं जास्त वाईट. आणि टॅब दिल्यावर खातं काढायचं राहिलं असं आठवलं, तर मोबाईलवर गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून तिथून साइन आउट करता येतं.