लिनक्सवर स्क्रिप्टमधून फाइलच्या प्रकाराचा आयकॉन कसा शोधायचा? एक्स्टेन्शनचा तक्ता केला तर चालेल का?

तक्ता करू नका. याच तक्त्यापायी मी एका वरिष्ठांशी दोन महिने भांडलो आहे.

एका वाचनालयातल्या स्कॅन केलेल्या कागदपत्रांची यादी स्क्रीनवर दाखवायची होती, प्रत्येक नावाशेजारी आयकॉनसकट. वरिष्ठ म्हणाले, "चार प्रकारच्या तर फाइली आहेत, कशाला एवढा खटाटोप?" त्यांनी चार एक्स्टेन्शन लिहिली आणि समोर अद्वैता या ग्नोम डेस्कटॉपच्या आयकॉन-थीममधल्या चित्रांचे पूर्ण पाथ टाकले. मी म्हटलं, सिस्टीमला विचारू या. ऐकलं नाही.

पुढे निम्म्या फाइली आल्या त्या नुसत्या दाखल क्रमांकाच्या नावाने, एक्स्टेन्शनच नाही. सगळ्यांसमोर कोरा कागद! मग केडीई हा दुसरा डेस्कटॉप असलेलं नवं मशीन आलं आणि उरलेले आयकॉनही गेले. अद्वैतात आधी 48x48 असा आकाराचा फोल्डर आणि त्यात माइमटाइप्स, म्हणजे फाइल-प्रकारांच्या चित्रांचा फोल्डर. केडीईच्या ब्रीझ थीममध्ये बरोबर उलटं, आधी माइमटाइप्स आणि आत आकार. वाचक तक्रार घेऊन आले ते माझ्याकडे. दोन रात्री बसून मी ते सगळं काढून टाकलं आणि सिस्टीमलाच विचारलं.

तुमच्या स्क्रिप्टमध्येही तेच करा. पायथनमधून जीआयओ या फाइली हाताळणाऱ्या लायब्ररीच्या क्वेरी-इन्फोला फाइलचा स्टँडर्ड-आयकॉन मागा. नावावरून कळलं नाही तर ते फाइलच्या सुरुवातीचे बाइट बघतं, म्हणून एक्स्टेन्शन नसलेली पीडीएफही ओळखू येते. हातात पाथ येत नाही, नावांची यादी येते: माइम टाइपमधल्या (फाइलच्या प्रकाराचं application/pdf सारखं नाव) तिरक्या रेघेच्या जागी डॅश घातलेलं नाव आधी, मग सर्वसाधारण नाव. वर्डच्या फाइलचं खास चित्र थीममध्ये नसेल तर ऑफिस-डॉक्युमेंटचं मिळतं, ते यामुळेच. ही यादी जीटीके 3 या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या आयकॉन-थीमला लुकअप-बाय-जीआयकॉनने द्या, आकार सांगा. थीममध्ये सापडलं नाही तर ती ज्या थीमवर आधारलेली आहे तिथे आणि शेवटी हायकलर या सामायिक थीममध्ये शोधणं ते स्वतः करतं. तक्त्यात हे कुठून आणणार?

माझी स्क्रिप्ट दोन्ही मशीनवर एक अक्षर न बदलता चालली. वरिष्ठांनी तिला शेवटपर्यंत "गरजेपेक्षा जास्त" म्हटलं. गरज तेवढीच होती. त्यांचाच तक्ता गरजेपेक्षा कमी होता, आणि हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

हो, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) किंवा एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवरून) चालवणार असाल तर स्क्रीन नसल्यामुळे जीटीके थीम देणार नाही. तिथे पायएक्सडीजी हे पायथनचं मॉड्यूल वापरा, त्याला नाव, आकार आणि थीम सांगितली की पाथ मिळतो. आणि डेस्कटॉपवर फोटोचं छोटं रूप दिसतं तो आयकॉन नव्हे, थंबनेल आहे. ते होममधल्या कॅशमध्ये असतं, थीममध्ये शोधू नका.