ऑर्डरी भरपूर आहेत, पण इन्स्टाग्रामवर चेहरा दाखवून बोलायचं म्हटलं की आपण खोट्या उद्योजिका आहोत असं वाटतं. ही भावना कशी घालवावी? रोज रील टाकायलाच हवी का?

आधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. तुमचा क्यूआर कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाच्या फोनवर नाव कुणाचं येतं?

तुम्ही लिहिलंय की केकच्या ऑर्डरी आठवडाभर आधीच भरतात, एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येतं, तरी फोन स्टँडला लावून स्वतःबद्दल बोलायला गेलं की तोंडातून शब्द फुटत नाही. कुणीतरी मध्येच येऊन ‘तू कोण गं?’ असं विचारेल अशी धास्ती वाटते. आणि त्याच प्रश्नात जाता जाता एक वाक्य टाकून दिलंय: ‘धंदा कागदोपत्री मिस्टरांच्या नावावर आहे, पण सगळं मीच बघते.’ तुम्हाला ते किरकोळ वाटलं असेल. मला ते वाचून राहवलं नाही, कटिंग अर्धं टाकून लिहायला बसलेय.

मी डोंबिवलीत शिवलेल्या नऊवारी करते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, सगळ्या. साडी गिऱ्हाईक आणतं, नाहीतर मी हिंदमाताहून आणते. आमच्या गावाला या धंद्याचं वरदानच आहे म्हणा. 1999 साली इथल्या गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, ती बघता बघता महाराष्ट्रभर गेली आणि नऊवारी नेसून बुलेटवर बसायची टूम निघाली. नेसायला येतं कुणाला? म्हणून शिवलेली. पाडवा झाला की मंगळागौर, मग गणपती, मग फडके रोडची दिवाळी पहाट, मग लग्नसराई. आता तीन जुकी शिलाई मशीन आहेत आणि पीसवर काम करणाऱ्या बायका आहेत.

शिवलेल्या नऊवारीची सगळी गोम आसनात, म्हणजे दोन पायांमधल्या जोडात, असते. आसन कमी पडलं तर गाडीवर बसताना काष्टा ताणतो, जास्त झालं तर मागे झोळ पडतो आणि बाई ढगळ दिसते. मंगळागौरीच्या खेळाला जाणाऱ्या बायकांना मी दोन बोटं जास्त धरते आणि आतून दुहेरी शिलाई मारते, कारण बसफुगडी घालताना तिथेच उसवतं. वर काष्ट्याचा काठ बरोबर मध्यावर यायला हवा, इकडे तिकडे सरकला तर फोटोत पहिला तोच दिसतो. हे मला कुठल्या फॅशन डिझाइनच्या कॉलेजने शिकवलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या आईच्या पैठणीला कात्री लावताना माझा हात कधी थरथरला नाही. आणि हीच मी, ‘नमस्कार, मी या ब्रँडची संस्थापक’ एवढं म्हणायला फोनसमोर उभी राहिले की पदर सारखा करत बसायचे.

कारण सांगते. सुरुवात केली तेव्हा मिस्टरांची एक जुनी फर्म होती, कॉम्प्युटर दुरुस्तीची. ते नोकरीला लागल्यावर काम बंद पडलं, करंट अकाउंट मात्र चालू होतं. माझे थोरले दीर, दादा म्हणते मी त्यांना, त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. घरातले व्यवहार त्यांना कळतात असं सगळ्यांनी ठरवलेलं. ते म्हणाले, “खातं तयार आहे की. नवीन कागदपत्रांची भानगड कशाला?” मलाही बरं वाटलं तेव्हा. बिलबुकावर मिस्टरांचं नाव, क्यूआरवर मिस्टरांचं नाव.

मग रोजचा तमाशा. बाई साडी घेते, खूश असते, फोन काढते, स्कॅन करते आणि थांबते. “ताई, वेगळंच नाव येतंय हो. बरोबर आहे ना?” मी म्हणायचे, “हो हो, मिस्टरांचं आहे.” प्रत्येक गिऱ्हाइकामागे एकदा. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात तर हे वाक्य मी झोपेतही बोलत असेन. आता मला सांगा, दिवसभर आपल्याच काउंटरवर उभं राहून जी बाई ‘हे माझं नाही, त्यांचं आहे’ असं म्हणते, तिने रात्री नऊ वाजता रील लावून ‘हे सगळं माझं आहे’ म्हणायचं कुठल्या तोंडाने?

कडेलोट झाला तो एका सत्काराला. इथल्याच एका मंडळाने स्थानिक उद्योजकांचा कार्यक्रम ठेवला होता. माझ्याकडून साड्या नेणाऱ्या एका काकूंनी नाव सुचवलं, मंडळाने बिलावरून नाव घेतलं. व्यासपीठावरून पुकारलं ते मिस्टरांना. त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. क्षणभर कुणीच उठेना, तेव्हा दादा उठले, घरचे मोठे म्हणून, आणि शाल-श्रीफळ घेऊन आले. मी खाली पेशवाई नेसवलेल्या पुतळ्याशेजारी उभी, स्वतः मस्तानी घालून. शेजारच्या स्टॉलवालीने अगदी प्रेमाने विचारलं, “तुम्ही यांच्याकडे मॉडेलिंग करता का?”

दादांचा हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. घरी येऊन शाल त्यांनी माझ्याच हातात दिली. पण मी बोलले तेव्हा ते म्हणाले, “नाव कुणाचं का असेना, पैसा घरातच येतो ना?” या वाक्यावर आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. मी विचारलं, “मग तुमचं दुकान वहिनींच्या नावावर करून टाका. पैसा घरातच येईल.” त्यावर ते हसले. सगळेच हसले. मी विनोद केलाच नव्हता.

गंमत म्हणजे रीलवर आणलं मला त्यांच्याच मुलीने. चहा गाळता गाळता शिवलेली नऊवारी कशी चढवायची ते मी दाखवत होते, तिने गुपचूप शूट करून टाकलं. ते चांगलंच फिरलं. खाली कौतुकाचा पाऊस आणि मध्येच एका बाईची कमेंट, सोबत माझ्याच दुकानाच्या बिलाचा फोटो: ‘मालक दुसरेच आहेत, या तिथे कामाला असतील.’ तुम्हाला ज्याची भीती वाटते ना, कुणीतरी पकडेल, तेच झालं. आणि ती बाई खोटं बोलत नव्हती. कागद तिच्या बाजूने होता.

म्हणून आत्मविश्वास वाढवायचे सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. या भावनेवरचा पहिला गाजलेला लेख 1978 साली अमेरिकेत पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी लिहिला. त्यांनी पाहिलेल्या दीडशेहून जास्त बायका प्राध्यापिका, विद्यार्थिनी, मोठ्या हुद्द्यावरच्या होत्या. पदव्या, मानसन्मान सगळं त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं, तरी त्यांना आपण फसवतोय असं वाटायचं. पुरावा हातात असून मन मानत नाही, असं ते दुखणं. आपलं नेमकं उलट आहे. आपलं मन मानायला तयार आहे, पुरावा नाही. त्यांचं औषध आपल्याला कसं लागू पडेल? आरशासमोर ‘मी सक्षम आहे’ म्हणून बँकेच्या फॉर्मवरचं ‘व्यवसाय: गृहिणी’ पुसलं जात नाही. मी तिसऱ्या मशीनसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, “तुमचं स्वतःचं उत्पन्न काय?” कागदावर शून्य. माझ्या सगळ्या सीझनचा हिशेब मिस्टरांच्या आयकर रिटर्नमध्ये.

सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे 2013-14 मध्ये, देशातल्या आस्थापनांपैकी 13.76 टक्केच बायकांच्या मालकीच्या निघाल्या. माझं दुकान तेव्हा असतं तर त्यात आलं नसतं. तुमचंही नाही. उलटंही चालतं म्हणा, सवलत हवी असली की एजन्सी बायकोच्या नावावर आणि गल्ल्यावर नवरा. तेव्हा बरं नाव आठवतं.

तर करायचं काय? उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, स्वतःच्या आधारवर. सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पुष्कळ आहेत, त्यांना हात लावू नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, घ्या, लहान धंद्याला नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेला फर्मच्या नावाचे दोन कागद लागतात, हे दोन चालतात. खातं उघडलं की क्यूआर त्या खात्याचा. तुमचं खाण्याचं काम, म्हणजे एफएसएसएआयचा, अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर आहेच, तो कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि तो मिस्टरांच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावाने नवा घ्या. रिटर्न स्वतःचं भरा, रक्कम कितीही लहान असू द्या. हे सगळं मी पावसाळ्यातल्या मंद दिवसांत उरकलं. मिस्टर बरोबर आले, सह्या केल्या, तक्रार नाही. भानगड भानगड म्हणत होते ती एवढीच होती.

माझं बुजणं त्यानंतर गेलं का? पुष्कळ गेलं. पूर्ण नाही. अजूनही ‘संस्थापक’ हा शब्द माझ्या तोंडी बसत नाही, मी सरळ ‘मी नऊवारी शिवते’ म्हणते आणि आसन कसं धरायचं ते दाखवते. लोकांना तेच बघायचं असतं. खाली पुन्हा तसली कमेंट आली तर मी पत्ता आणि मोबाइल नंबर झाकून उद्यमचं सर्टिफिकेट चिकटवून मोकळी होते, आधार क्रमांक नसतोच त्यावर.

रोज रीलचं विचाराल तर नाही. रोज रील टाकायला सांगणाऱ्यांचा धंदा रील शिकवण्याचा असतो. मी एका अशा ब्रँड कोचबाईंचा वर्ग केला. त्यांनी सगळ्यांना आपापली ‘संघर्षगाथा’ लिहायला लावली, डोळ्यांत पाणी येईल अशी. अहो, मी शिवण शिकले कारण मला शिवण आवडायचं. रडू कुठून आणू? चेहऱ्याचंही तेच. लिज्जतच्या सात जणींनी 1959 साली गिरगावात 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. टीव्हीवर त्यांचा चेहरा कोण होता? रामदास पाध्यांचा बोलका ससा. पण तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण कागदावर मालक आहे. मला तुमच्यासाठी ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही नुसते हात दाखवा, क्रीम लावताना. चालतं. केक कापल्यावरचा आतला थर दाखवा, आवाज द्या. चेहरा यायचा तेव्हा येईल.

मात्र दिसायला लागलात की नको ते लोकही येतात. घरून काम करताय तर घराचा पत्ता आणि लोकेशन उघडं टाकू नका, ऑर्डर पक्की झाल्यावर द्या. धंद्याचं सिम वेगळं ठेवा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको ते शब्द आपोआप लपवायची सोय आहे, ती चालू करा आणि त्यात मराठी शिव्याही स्वतः टाईप करून भरा. माझ्या पुतणीने भरल्या. तिला एवढ्या येतात हे मला तेव्हा कळलं.

आता थोडं सांभाळून बोलते, नाहीतर म्हणाल बाई एकच तुणतुणं वाजवते. काही जणींचं खरोखर मनाचं दुखणं असतं, छाती धडधडते, झोप उडते. तसं असेल तर उद्यमने काही होणार नाही, डॉक्टरांकडे जा. नाव तुमचं म्हटल्यावर नोटीसही तुम्हाला येणार आणि बुडालं तर देणंही तुमचं, हे डोक्यात ठेवा. जीएसटी मिस्टरांच्या पॅनवर असेल तर तो तुमच्या नावावर सरकत नाही, नवा घ्यावा लागतो, त्याआधी सीएशी बोला. आणि नवरा-बायको दोघं मिळून खरोखर निम्मं निम्मं काम करत असाल तर भागीदारी करा, हट्टाने एकटीचं नाव लावू नका. दादांना मी हेच सांगते, वहिनी सकाळी दुकान उघडतात, उधारीची वही त्याच लिहितात. ते विषय बदलतात.

आणखी एक राहिलं. मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर घरातलं माणूस धंदा करतंय हे त्यांना कार्यालयाला कळवावं लागतं, सेवेच्या नियमांत तसं आहे. कठीण काही नाही, एक अर्ज द्यायचा. पण तो त्यांना लिहू द्या. सवयीने तुम्ही लिहायला बसू नका.