रत्नागिरीत राहून वर्षभर घराजवळ पायी भटकायचं तर कुठे, कधी आणि कसं जावं?

तुम्ही विचारलंय की बदली होऊन रत्नागिरीत आलोय, दर रविवारी घाटावरचे किल्ले गाठणं जमत नाही, तर घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात बाराही महिने चालता येईल का. येईल. फक्त इथे जागा आधी ठरवू नका. महिना आणि तिथी बघा, जागा त्यावरून ठरते. पावसात सडा, थंडीत किनारा आणि खाडी, उन्हाळ्यात राई म्हणजे दाट झाडी. उलट केलंत की हाल ठरलेले: एप्रिलच्या दुपारी सड्यावर डोकं टेकायला सावली नसते आणि जुलैत राईतल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळाने पाय ठरत नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये इथे दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही कोकणातच उगवणारी वनस्पती, तेव्हा ते पंधरा-वीस दिवस चुकवू नका. मुख्य बहर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्या वेळी उभ्याने बघून फार काही कळत नाही, सरळ उकिडवे बसा. कातळाच्या खळग्यात पेरभर माती आणि बोटभर पाणी असतं, त्यात गेंदाचे पांढरे गोंडे आणि मधूनमधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. या दुसऱ्या वनस्पतीला मुळं नसतात. चिखलात बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. म्हणून चालताना पाय कोरड्या कातळावर टाका, मातीवर नको. एका बुटाखाली तो अख्खा खळगा चेपतो.

सड्यावरचा खरा धोका बंद पडलेल्या चिरेखाणींचा, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणींचा. पावसात त्या तुडुंब भरतात, कडा करवतीने कापल्यासारख्या सरळ, वर यायला पायरी नाही आणि काठावर गवत माजलेलं. पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडणं अवघड जातं. धुकं उतरलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं झालं, तर थांबा. अंदाजाने चालू नका. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की सडा सोडायचा, कारण तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

ऑक्टोबर मला फारसा आवडत नाही. ऊन आणि दमट हवा एकत्र, वर वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यातून आत घुसतात. गुळगुळीत कापडाची फुलपँट घाला आणि पायमोजे पँटच्या आत ठेवा. पुढे थंडीत कुंपणाच्या वेलीवर तपकिरी, लव असलेल्या शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली. अंगाला लागली तर चोळू नका; चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र किनाऱ्याचे. कुरव हे समुद्रपक्षी आलेले असतात, हवा कोरडी असते. इथे तिथी लागते. पंधरवड्यातल्या तिथीला 48 मिनिटांनी गुणा आणि ते बारात मिळवा, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ येते. ओहोटी तिच्यानंतर साधारण सहा तासांनी. पंचमीला भरती चारच्या सुमारास, ओहोटी दहाला. हिशेब तासभर मागेपुढे होतो, म्हणून फोनवरचा तक्ताही बघा. पुनव किंवा अवसेनंतरची द्वितीया-तृतीया सगळ्यात सोयीची, कारण उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि ते सकाळी साडेसात-साडेआठच्या आसपास. पाणी उतरत असताना निघायचं आणि ओहोटी संपायच्या आत परत फिरायचं.

याचं कारण असं की सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखं चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी चढण होते. दोन पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मधल्या खडकाळ टोकाला वळसा घालून गेलात आणि परतायला उशीर केलात, तर मागची वाट बंद आणि वर उभा कडा. खडकांवर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे अनवाणी जाऊ नका. जुने बंद बूट बरे. खाडीकाठी खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या, बांधावरून चाला, कांदळ-तिवराच्या (खारफुटीच्या) चिखलात काठी रुतवून पाहिल्याशिवाय पाय टाकू नका.

कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायलाही हेच दिवस. उक्षी गावचा हत्ती, जांभरूण आणि कशेळी गावांतली शिल्पं हे रत्नागिरीहून सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येण्यासारखं आहे. 2022 पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. तिरप्या उन्हात रेषांना सावली धरते, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. खडूने रेषा उठवायचा मोह आवरा.

मार्च ते मे पहाटे सहा ते नऊ, देवराईत किंवा बागायतीतल्या पाखाडीवर. करवंदं, जांभळं, रातांबे वाटेत असतात, पण कुंपणाच्या आतलं फळ विचारूनच. देवराईतून फांदीसुद्धा आणायची नाही. गावात विचारून जा, वाट दाखवायला कोणीतरी येतंच. दोन तासांना लिटरभर पाणी आणि मीठ घातलेलं कोकम सरबत ठेवा, या हवेत नुसत्या पाण्याने भागत नाही. वणवा दिसला तर वाळक्या गवताकडे नको, उघड्या कातळावर जा. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे गेलात तर जानेवारी ते मे माकडतापाचा हंगाम असतो. तो गोचिडीमुळे होतो. पूर्ण बाह्या घाला आणि परतल्यावर अंग तपासा.

रत्नागिरीला बाराही महिने लागू असलेली सूचना फुरसं या विषारी सापाची. वीतभर-हातभर लांब, जांभ्याच्याच रंगाचं, दिवसा दगडाखाली असतं. दगड उलटू नका, गडग्यावर (दगडी कुंपणावर) टेकण्याआधी बघा, संधिप्रकाशात टॉर्च लावा. चावलंच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी-घड्याळ काढा, पाय स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. अंगावर फार काही दिसत नसलं तरी जा, कारण या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि ते काही तासांनी कळतं.