सर्व्हरवरून आलेले विभाग पान रिलोड न करता कसे बदलायचे

तुमची अडचण थोडक्यात अशी: मालवणजवळच्या होमस्टेच्या साइटवर ‘खोल्या’, ‘जेवण’ आणि ‘कसे याल’ हे विभाग पीएचपीतून, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमधून, येतात. दुवा दाबला की अख्खे पान पुन्हा लोड होते. ते टाळायला जावास्क्रिप्ट लावली, तर आयडीवरून पानातला घटक शोधणाऱ्या गेट-एलिमेंट-बाय-आयडीकडून नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळते.

नल मिळते कारण तो विभाग पानात नाहीच. तुमच्या इफ-एल्समधून एका वेळी एकच विभाग छापला जातो, उरलेले दोन ब्राउझरपर्यंत पोहोचत नाहीत. पेज सोर्स उघडून ‘जेवण’चा आयडी शोधा, सापडणार नाही. जे आलेच नाही ते स्क्रिप्ट दाखवणार कुठून?

म्हणून आधी पीएचपी बदला. तिन्ही विभाग कायम छापा आणि न निवडलेल्या दोघांवर हिडन हे लपवणारे ॲट्रिब्यूट तिथेच लावा. दुव्यांचे एचरेफ, म्हणजे त्यांतले पत्ते, अजिबात काढू नका. देवबागच्या टोकाला रेंज गेली आणि स्क्रिप्ट उतरली नाही, तरी दुवा दाबून पाहुण्याला जेवणाचे दर दिसलेच पाहिजेत. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

स्क्रिप्ट मग दहा-बारा ओळींची होते. नॅव्हवर, म्हणजे मेनूवर, एकच क्लिक लिसनर (क्लिक झाली की चालणारे फंक्शन) ठेवा. कंट्रोल दाबून केलेली क्लिक तशीच जाऊ द्या, नाहीतर नवीन टॅब उघडणार नाही. बाकी क्लिकला प्रिव्हेंट-डिफॉल्ट (म्हणजे पान लोड होणे थांबते), सगळ्या विभागांना हिडन ट्रू, निवडलेल्याला फॉल्स आणि पुश-स्टेटमध्ये (ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद करणाऱ्या आज्ञेत) त्याच दुव्याचा पत्ता. बॅक बटणासाठी पॉप-स्टेट (मागे-पुढे गेल्यावर ब्राउझर देतो ती सूचना) ऐका आणि पत्ता वाचून विभाग दाखवण्याचे तेच फंक्शन बोलवा, पण तिथून पुश-स्टेट करू नका. केलेत तर पाहुणा मागे जाऊच शकणार नाही. चालू दुव्यावर ‘सध्या हा’ असे सांगणारे एरिया-करंट ॲट्रिब्यूट लावा, म्हणजे पान मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरलाही कळते.

एवढे करूनही विभाग लपत नसेल तर सीएसएस, म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम, बघा. विभागाच्या क्लासला डिस्प्ले ग्रिड किंवा फ्लेक्स दिले असेल, तर ते हिडनवर मात करते, कारण हिडनची शैली ब्राउझरच्या मूळ स्टाइलशीटमधली असते. हिडन ॲट्रिब्यूटसाठी डिस्प्ले नन, इम्पॉर्टंटसह, असा एक नियम लिहा.

‘कसे याल’मध्ये कुडाळ स्टेशनपासूनचा नकाशा लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने काढला असेल तर तो अर्धा करडा दिसेल. लपलेल्या डिव्हची रुंदी शून्य असते आणि लीफलेटने तीच मोजून ठेवलेली असते. विभाग दाखवल्यावर आकार पुन्हा मोजणारे इनव्हॅलिडेट-साइझ बोलवा, आधी नाही.

तिन्ही विभाग एकाच बुकिंग फॉर्मच्या आत असतील तर लपलेल्या विभागातला रिकामा रिक्वायर्ड (भरणे सक्तीचा) रकाना फॉर्म अडवतो, आणि पाहुण्याला चूक दिसतही नाही. असा विभाग फील्डसेटमध्ये (रकान्यांच्या गटात) घालून लपवताना तो डिसेबल्ड, म्हणजे निष्क्रिय, करा.

फोटोंना लोडिंग लेझी द्या. विभाग उघडेपर्यंत ते उतरणार नाहीत.

मासळीचा रोजचा भाव मात्र फेचने, म्हणजे स्क्रिप्टमधून सर्व्हरकडे मागून, वेगळा आणायला हरकत नाही. फक्त त्या तुकड्याचा पत्ता मुख्य पानापेक्षा वेगळा ठेवा. एकाच पत्त्यावर कधी अख्खे पान, कधी तुकडा दिलात, तर बॅक दाबल्यावर कॅशमधला (ब्राउझरने साठवलेला) नुसता तुकडाच येऊ शकतो, ना मेनू ना सीएसएस.