वजन उचललं की अंग बाहेर येतं का?

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातली, वय 53. सहा वर्षं झाली शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, रोज पाऊण तास चालते. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो आई डंबेल घे, नुसतं चालून भागणार नाही. सासूबाई म्हणतात, या वयमा हाई काय नवीन, बाईमाणसानं वजन उचललं की अंग बाहेर येतं. शेजारीण म्हणते दंड गड्यासारखे होतील. सासूबाई स्वतः 76 च्या, गुडघे दुखतात म्हणून दिवसभर खुर्चीतच असतात. कुणाचं ऐकू?

उत्तर : मुलाचं ऐका. पण चालणं सोडू नका हं, ते हृदयासाठी हवंच.

आपण जेवलो की रक्तात जी साखर येते ती साठवायची सगळ्यात मोठी कणगी म्हणजे आपले स्नायू, आणि तिशी-चाळिशीनंतर ही कणगी हळूहळू लहान होत जाते, पाळी गेल्यावर तर जास्तच, मग साखर जाणार कुठे, रक्तातच फिरत राहते. वजनाचा व्यायाम केला की कणगी मोठी होते आणि तिचं तोंडही उघडतं. गोळ्यांमुळे कधी साखर एकदम उतरत असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना तेवढं सांगा.

शेजारणीला सांगा, गड्यांसारखे दंड व्हायला गड्यांचं हार्मोन लागतं, ते बाईच्या अंगात कितीतरी पट कमी असतं. फोटोतल्या बायका वर्षानुवर्षं तेवढंच एक काम करतात तेव्हा तशा दिसतात.

सासूबाईंची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. बाळंतपणाला पंधरा दिवस होत नाहीत तोच डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया त्यांनी पाहिल्या असतील, आणि त्यातल्या काहींचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, खरंच खाली आलेलं असेल. ओटीपोटाखालचे स्नायू बाळंतपणं, पाळी जाणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी ढिले होतात, त्यात श्वास कोंडून जोर लावला की ताण येतो. तेव्हा खोकताना लघवी सुटत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं काही नसेल तर हलकं वजन घेऊन, उचलताना श्वास बाहेर सोडत केलेल्या व्यायामाला घाबरायचं कारण नाही. उलट हाडांना फायदाच आहे, ऑस्ट्रेलियात हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी तज्ज्ञांच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चांगलं जड वजन उचललं आणि 8 महिन्यांत मणक्याच्या हाडाची घनता वाढली, 2018 ला ते छापून आलं.

डंबेल आणायची घाई नको. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा 8-10 वेळा, भिंतीला हात लावून उभ्यानं जोर काढा, टाचा वर-खाली, आणि दोन पिशव्यांत दोन-दोन किलो ज्वारी भरून ती उचला. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, सोपं वाटायला लागलं की ज्वारी वाढवा, नाहीतर अंगात काही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान 2 दिवस करा म्हणते. आणि ताटात कळण्याची भाकरी असू द्या, त्यातल्या उडदानं प्रोटीन मिळतं, सोबत दही, डाळ.

सासूबाईंनाही सोबत घ्या ना! 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांना 8 आठवडे पायाने वजन उचलायला लावलं तर पायातली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. मांडीत जोर आला की गुडघ्याला आधार मिळतो. माझी आई 71 व्या वर्षी पाटावरून उठताना एक हात गुडघ्यावर आणि एक चौकटीला लावायची, तीन महिने खुर्चीची उठबस केली, आधी चौकटीचा हात सुटला मग गुडघ्यावरचा, परवा तर हातात ताट घेऊन उठली, मी बघतच राहिले. सासूबाईंच्या खुर्चीला मागून भिंतीचा टेका द्या आणि सुरुवातीला उशी ठेवून उंच करा.

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा आहे, जिम लावायची म्हणतो. उंची खुंटते का? (अमळनेर)

उत्तर : नाही खुंटत. कबड्डीत उडी मारून पडताना हाडांवर येतो तो भार जिममधल्या हलक्या वजनापेक्षा जास्त असतो. शिकवणारा माणूस समोर हवा, आणि कोण किती उचलतो अशी पैज मित्रांत लावायची नाही, दुखापती तिथेच होतात.

प्रश्न : मी रावेरकडचा, वय 38, दिवसभर केळीचे घड वाहतो. संध्याकाळी कंबर धरते. मला अजून कसला व्यायाम पाहिजे?

उत्तर : दादा, ताकद तुमच्यात आहेच, पण घड रोज त्याच खांद्यावर, तसंच वाकून, आणि थकलात तरी ट्रक भरेपर्यंत थांबता येत नाही. व्यायामात उलटं असतं, दोन्ही बाजू सारख्या आणि मध्ये विश्रांती. जमेल तिथे खांदा बदला, घड अंगाला चिकटवून गुडघ्यात वाकून उचला. कटाई नसेल त्या दोन दिवशी पंधरा मिनिटं द्या, पाठीवर झोपून गुडघे मुडपून कंबर वर उचलायची, आणि खिडकीच्या गजाला रबरी ट्यूब बांधून छातीकडे ओढायची, दोन्ही 10-10 वेळा, तीनदा. पायात मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल तर मात्र व्यायाम राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.