गड्ड्याला सगळ्यांना बोलवायचंय ना?

सूनबाई, गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, यंदा पहिल्यांदाच सगळा गोतावळा तू बोलावतेयस, म्हणून दोन शब्द सांगते. दिवस भोगीचाच धर. त्या दिवशी देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता असतात, सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात, त्यामुळे पुण्याची मंडळीही "रजा नाही" म्हणत नाहीत. गाडीचं तिकीट मात्र त्यांना बुकिंग सुरू होताच काढायला लाव.

स्वयंपाकाचा बडेजाव नको. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगाचटणी, दही. कडक भाकऱ्या आधीच आणून ठेव, त्या टिकतात. मी पहिल्या वर्षी एकटीनं पन्नास भाकऱ्या थापल्या आणि अक्षतांच्या वेळी घरात पाठ धरून पडले होते! तेव्हापासून जो येईल त्याच्या हाती काम देते. थोरल्या जाऊबाई उखळात चटणी कुटायच्या आणि आम्ही पोरीसोरी भोवती बसून चिमटी चिमटी पळवायचो, ओरडा खायचो. आजही सगळे जमले की आधी तीच गोष्ट निघते.

रात्री सतरंज्या अंथर, वर सोलापुरी चादरी. खाटांवरून भांडणं होतात, जमिनीवर होत नाहीत.

आणि वर्षभराचं म्हणशील तर ग्रुपवरच्या 'सुप्रभात'च्या फुलांवर विसंबू नकोस. आठवड्याला एका घरी फोन लाव. आत्यांना दुपारी चारनंतर, त्याआधी त्या झोपलेल्या असतात. काम नसताना केलेला फोन त्यांना जास्त आवडतो. आधी जरा घाबरतात, ते वेगळं.